मिटलेल्या कानाआडचा आजार

घरात मूल जन्माला आले, की वडीलधारी मंडळी त्याला मांडीवर घेऊन न्याहाळतात. हातापायांची बोटे मोजली जातात, नाक कोणावर गेले याची चर्चा होते, आणि मग कोणाच्या तरी लक्षात येते की बाळाचा एक कान दुसऱ्यासारखा नाही. कधी तो नुसता लहान असतो, कधी मुडपलेला, तर कधी कानाच्या जागी शेंगदाण्याएवढी मांसल गाठ तेवढी असते आणि कानाचे छिद्र नसतेच. त्या क्षणापासून घरात सुरू होणारे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. हा कान पुढे वाढेल का? प्लॅस्टिक सर्जरी केव्हा करता येईल? शाळेत मुले चिडवतील का? मुलगी असेल, तर लग्नाच्या वेळी काय सांगायचे?

हे प्रश्न स्वाभाविक आहेत आणि त्यांत दडलेली काळजी खरी आहे. मात्र ते सारे दिसणाऱ्या कानाविषयीचे आहेत. कानाचा जो भाग कवटीच्या हाडात आहे, जेथे ध्वनीचे शब्द होतात आणि जेथून मेंदू अवघ्या काही मिलिमीटरवर आहे, त्या भागाची चौकशी मागे राहते. जन्मतः वेगळी घडण असलेल्या कानात आजार झाला, तर तो पुष्कळदा लपून वाढतो. ज्या खुणांवरून एरवी आई-वडिलांना कानाचा आजार कळतो, त्या खुणाच अशा मुलांत पुसल्या गेलेल्या असतात. म्हणून ज्या घरात असे मूल आहे, त्या घराने हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

कान घडतो कसा

गर्भाच्या साधारण सहाव्या आठवड्यात मानेच्या वरच्या भागात सहा लहान उंचवटे तयार होतात. ते एकमेकांत मिसळून बाहेरचा कान आकाराला येतो. त्याच सुमारास बाहेरची त्वचा आत वाढत जाते. प्रथम ती भरीव दोरीसारखी असते. सातव्या महिन्याच्या आसपास ही दोरी आतून पोकळ होते आणि कानाची नळी तयार होते. हे काम आरंभीच थांबले, तर नळी होतच नाही; या स्थितीला वैद्यकात अट्रेशिया म्हणतात. काम अर्धवट झाले, तर नळी होते, पण अतिशय अरुंद राहते, हा स्टेनोसिस. बाहेरचा कान लहान वा अविकसित असणे म्हणजे मायक्रोशिया. बहुधा या गोष्टी जोडीने येतात, कारण त्यांचा उगम एकाच ठिकाणचा असतो.

कानाचा सर्वांत आतला भाग, म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखे श्रवणेंद्रिय आणि तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका, हा मात्र वेगळ्या उगमातून तयार होतो. त्यामुळे बाहेरचा कान नसतानाही आतले श्रवणेंद्रिय बहुतेक वेळा शाबूत असते. ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे, कारण अशा मुलाला ऐकू आणता येते. नळी बंद असल्यामुळे आवाज आत पोहोचत नाही, एवढीच अडचण असते. पण ती लहान नाही. अशा कानात साधारण ४० ते ६० डेसिबलची घट असते. म्हणजे नेहमीच्या आवाजातले बोलणे त्या कानाला पुसट ऐकू येते किंवा ऐकूच येत नाही.

मायक्रोशियाचे प्रमाण प्रदेशानुसार बदलते. दर सहा ते दहा हजार जन्मांमागे एक असा सर्वसाधारण अंदाज दिला जातो. मुलींपेक्षा मुलग्यांत आणि डाव्यापेक्षा उजव्या कानात तो अधिक आढळतो. बहुसंख्य मुलांत एकच कान बाधित असतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. ग्रहणाच्या वेळी सुनेने भाजी चिरली, सुई-दोरा हातात घेतला, म्हणून बाळाचा कान कापला गेला, अशी समजूत आपल्याकडे अजूनही काही घरांत आहे. तिला कोणताही आधार नाही. बहुतेक मुलांत निश्चित कारण सापडत नाही. काहींत ते आनुवंशिक असते. गरोदरपणाच्या आरंभी घेतलेली काही औषधे, उदाहरणार्थ मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन, गर्भाचा कान बिघडवतात हे सिद्ध झालेले आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस युरोपात थॅलिडोमाइड या औषधामुळे जी हजारो मुले व्यंग घेऊन जन्मली, त्यांतील काहींचे कानही बाधित होते. मातेचा अनियंत्रित मधुमेह हेही जोखमीचे एक कारण मानले जाते. ग्रहणाचा येथे काहीही संबंध नाही. जिला दोष दिला जातो, ती आई बाळाला घेऊन डॉक्टरांकडे जायला संकोचते, आणि त्या संकोचाची किंमत मूल मोजते.

पुसल्या गेलेल्या खुणा

सर्वसाधारण मुलाचा कान बिघडला, की घराला ते तीन मार्गांनी कळते. कानातून पू किंवा पाणी वाहते, उशी ओली होते, वास येतो. मूल हाक मारल्यावर वळत नाही, दूरदर्शनचा आवाज वाढवते. आणि डॉक्टरांकडे नेले, तर ते कानात दुर्बीण घालून पडदा पाहतात व काय झाले ते सांगतात.

ज्याच्या कानाला नळीच नाही, त्याच्या बाबतीत हे तिन्ही मार्ग बंद असतात. पू झाला, तरी बाहेर यायला वाट नाही. त्या कानाने आधीच कमी ऐकू येत असल्याने आणखी थोडे कमी झाले, तर कोणाच्या लक्षात येत नाही. आणि पडदा दिसत नसल्याने अनुभवी डॉक्टरही बाहेरून पाहून आतले सांगू शकत नाही.

नळी नसली, तरी पडद्यामागची मधल्या कानाची पोकळी पुष्कळदा असते. घशाच्या वरच्या भागातून एक बारीक नलिका त्या पोकळीत जाते, आणि सर्दी-पडशात जंतू याच वाटेने कानात पोहोचतात. ही वाट अशा मुलातही उघडी असते. ‘याचा कान बंदच आहे, मग आत काय होणार?’ हा समज म्हणूनच घातक ठरतो. बाहेरचे दार बंद आणि मागचे उघडे, अशी ती अवस्था आहे. त्यातच मूल लहान असेल, तर ते दुखण्याची जागा सांगू शकत नाही. मग ताप दातांचा ठरतो, डोकेदुखी चष्म्याची ठरते, चिडचिड हट्टाची ठरते.

अरुंद नळी अधिक धोक्याची

पालकांना पुष्कळदा वाटते, की नळी अजिबात नसण्यापेक्षा बारीक का होईना ती असणे बरे. ऐकण्याच्या दृष्टीने त्यात तथ्य असेलही. आजाराच्या दृष्टीने मात्र अरुंद नळी अधिक धोक्याची असते. याचे कारण त्वचेच्या स्वभावात आहे.

आपल्या अंगावरची त्वचा सतत झडत असते. कानाच्या नळीतही त्वचाच आहे. तेथे झडलेले कण साचू नयेत म्हणून निसर्गाने सुंदर व्यवस्था केली आहे: नळीतील त्वचा पडद्यापासून बाहेरच्या दिशेने अतिशय सावकाश सरकत राहते आणि नख वाढावे तसा मळ आपोआप बाहेर येतो. प्रौढ माणसाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब आणि सात मिलिमीटरच्या आसपास रुंद असते, म्हणून हा व्यवहार सुरळीत चालतो. नळी जर दोन-तीन मिलिमीटरचीच असेल, किंवा मध्येच आवळलेली असेल, तर झडलेली त्वचा बाहेर पडू शकत नाही. ती आवळलेल्या जागेच्या आत थरावर थर साचत जाते. त्यातून मोत्यासारखा पांढरा गोळा तयार होतो. त्याला कोलेस्टिएटोमा म्हणतात. १८३८ मध्ये योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने हे नाव दिले. ते पुढे रूढ झाले, पण नावावरून वाटते तसे त्यात कोलेस्टेरॉलचे काही नाही आणि तो कर्करोगही नाही.

कर्करोग नसला, तरी तो निरुपद्रवी नाही. वाढत जाणारा दाब आणि त्याभोवतीच्या दाहातून निर्माण होणारी रसायने यांमुळे शेजारचे हाड विरघळत जाते. आपल्याकडचे जुने वैद्य आणि डॉक्टर ‘हाडाला लागलेला कान’ म्हणत, तो बहुधा हाच आजार. त्यात जंतू शिरले, की दुर्गंधीयुक्त पू होतो आणि हाड झिजण्याचा वेग वाढतो.

१९९० मध्ये कोल आणि जार्सडॉर्फर या अमेरिकन शस्त्रवैद्यांनी जन्मतः अरुंद नळी असलेल्या ५४ कानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील जवळजवळ निम्म्या कानांत कोलेस्टिएटोमा सापडला. ज्यांची नळी दोन मिलिमीटर किंवा त्याहून अरुंद होती आणि वय १२ वर्षे किंवा अधिक होते, त्यांच्यात हे प्रमाण दहा कानांत नऊ एवढे होते. हे रुग्ण एका विशेष केंद्रात आलेले होते, त्यामुळे सर्व मुलांना हाच आकडा लावता येणार नाही. पण त्यातून मिळालेला धडा आजही मानला जातो: नळी जितकी अरुंद आणि वय जितके वाढत जाईल, तितका धोका वाढतो. लहानपणी काही झाले नाही, म्हणून पुढे होणार नाही, असे समजू नये.

नळी पूर्ण बंद असलेल्या कानात कोलेस्टिएटोमा त्या मानाने क्वचित आढळतो. परंतु तो आढळतो, आणि तेव्हा तो हाडाच्या भिंतीआड असल्याने ओळखायला आणखी कठीण असतो.

आजार पुढे सरकतो तेव्हा

मधल्या कानाची पोकळी जेमतेम एक-दोन घनसेंटीमीटरची आहे. पण तिचा शेजार पाहिला, की या आजाराचे गांभीर्य कळते. तिच्या छतावर हाडाचा पातळ पापुद्रा आहे आणि त्यावर मेंदू टेकलेला आहे. मागच्या बाजूला कर्णमूलाचे सच्छिद्र हाड आणि त्यालगत मेंदूतील अशुद्ध रक्त वाहून नेणारी मोठी शीर आहे. आतल्या बाजूला श्रवण व तोलाचे इंद्रिय आहे. आणि या पोकळीतूनच चेहऱ्याच्या स्नायूंना चालवणारी नस जाते. हाड झिजत ज्या दिशेला जाईल, त्या दिशेचे संकट उभे राहते.

कर्णमूलाच्या हाडात पू झाला, तर कानामागे लाल, गरम, दुखरी सूज येते. सामान्य मुलात अशा वेळी कान पुढे ढकललेला दिसतो. ज्याचा कानच लहान वा अपूर्ण आहे, त्याच्यात ही खूण सहज कळत नाही. चेहऱ्याच्या नसेला बाधा झाली, तर रडताना किंवा हसताना तोंड एका बाजूला ओढले जाते आणि एक डोळा नीट मिटत नाही. तोलाच्या नलिकेपर्यंत हाड झिजले, तर मूल चालताना झोकांड्या खाते, गरगरते, ओकते. मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झाली, तर थंडी वाजून ताप चढतो, उतरतो आणि पुन्हा चढतो; घरात तो हिवताप वाटतो. मेंदूच्या आवरणापर्यंत जंतू पोहोचले, तर मेंदूज्वर होतो. आणि मेंदूतच पू साचला, तर डोकेदुखी, उलट्या, गुंगी, झटके, अशा क्रमाने जिवावरचे संकट ओढवते.

प्रतिजैविके येण्यापूर्वी कानाच्या आजाराने माणसे दगावणे नित्याचे होते. प्रसिद्ध लेखक ऑस्कर वाइल्ड १९०० साली पॅरिसमध्ये वारला, तो कानातून मेंदूत गेलेल्या जंतुसंसर्गानेच, असे अनेक वैद्यकीय अभ्यासकांचे मत आहे. आणि त्याचे वडील विल्यम वाइल्ड हे डब्लिनमधील नामांकित कर्णरोगतज्ज्ञ होते. आज औषधे आहेत, शस्त्रक्रिया आहे, तरीही मेंदूत पू होणे जीवघेणेच आहे. मूल वाचले, तरी अपस्मार किंवा कायमचा बहिरेपणा मागे राहू शकतो.

हे सारे एखाद्या घरात कसे घडते, याची कल्पना करून पाहू. नऊ वर्षांचा मुलगा. उजवा कान लहान, छिद्र टाचणीच्या डोक्याएवढे. डावा कान उत्तम, म्हणून अभ्यासात हुशार, बोलण्यात चपळ. बारा-तेरा वर्षांचा झाला, की कानाची शस्त्रक्रिया करू, असे घरात ठरलेले. त्यामुळे मधल्या काळात तपासणी नाही. दिवाळीच्या धामधुमीत त्याचे डोके दुखू लागते. कानामागे थोडी सूज येते. गालगुंड समजून लेप लावला जातो. ओळखीच्या डॉक्टरांकडून पाच दिवसांची औषधे येतात, सूज ओसरते, सर्वांना हायसे वाटते. तीन आठवड्यांनी मुलगा सकाळी उलट्या करतो, दुपारी झोपाळलेला असतो, संध्याकाळी उठवूनही नीट उत्तर देत नाही. रुग्णालयात सीटी स्कॅन होतो आणि मेंदूत पू दिसतो.

या घटनाक्रमात कोणीही मुद्दाम हेळसांड केलेली नाही. औषधाने आजार दबला, पण हाडातला मूळ गोळा तेथेच राहिला. प्रतिजैविकांनी वरवरची लक्षणे शमावीत आणि आत आजार सरकत राहावा, ही अवस्था कर्णरोगतज्ज्ञांना चांगली परिचित आहे. म्हणूनच अशा मुलाच्या कानाजवळ सूज येऊन गेली, तर ती ओसरल्यावरही तपासणी पूर्ण केलीच पाहिजे.

बाहेरून सुरेख, आतून वेगळा

काही मुलांचा बाहेरचा कान अगदी सुरेख असतो आणि वेगळेपण आतल्या कानात असते. १७९१ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील शरीररचनातज्ज्ञ कार्लो मोंदिनी याने जन्मतः बहिऱ्या असलेल्या आठ वर्षांच्या मुलाच्या कानाचे विच्छेदन करून, आतल्या शंखाचे वेढे अपुरे असल्याचे दाखवले. अशा काही मुलांत मेंदूभोवतीचे पाणी आणि मधला कान यांच्यातील भिंत सदोष असते. त्या वाटेने जंतू मेंदूपर्यंत जातात आणि मूल पुन्हा पुन्हा मेंदूज्वराने आजारी पडते.

एका कानाने जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला मेंदूज्वर झाला, किंवा कोणत्याही मुलाला तो दोनदा झाला, तर कानाचा स्कॅन करून घेतला पाहिजे. एका नाकपुडीतून सतत पाण्यासारखा स्वच्छ स्राव होत असेल, तर तीही सर्दी समजून सोडून देऊ नये. अशा मुलांना न्यूमोकोकस जंतूविरुद्धची लस विशेष महत्त्वाची आहे. भारतात ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सार्वत्रिक लसीकरणात आली आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली. त्यापूर्वी जन्मलेल्या मुलांच्या लसीची नोंद पालकांनी तपासून पाहावी.

तपासणी केव्हा आणि कोणती

बाळ जन्मल्यावर पहिल्या महिन्यात श्रवणाची चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना आरंभ, असा दंडक जगभर मानला जातो. नळी बंद असलेल्या कानात नेहमीची चाळणी करता येत नाही. तेथे बेरा ही चाचणी हाडावाटे ध्वनी देऊन करावी लागते. त्यातून आतले श्रवणेंद्रिय कितपत शाबूत आहे ते कळते. याच वेळी चांगल्या दिसणाऱ्या दुसऱ्या कानाचीही संपूर्ण चाचणी करून घ्यावी. त्या एका कानावर मुलाची सारी भाषा उभी राहणार असते. त्यात सर्दीमुळे पाणी साचून राहिले, तर मूल काही महिने जवळजवळ बहिरे होते आणि ते कोणाला कळतही नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या सर्दीनंतर चांगला कान तपासून घेणे योग्य.

जन्मानंतर मूत्रपिंडांची सोनोग्राफी सुचवली जाते, कारण काही मुलांत कान आणि मूत्रपिंड यांचे दोष एकत्र आढळतात. जबडा, डोळे, टाळू आणि मानेचे मणके यांचीही पाहणी होते. टाळू फाटलेली असेल, तर मधल्या कानात पाणी साचणे जवळजवळ ठरलेलेच असते.

सीटी स्कॅनमधून हाडाची रचना उत्तम दिसते, पण त्यात किरणोत्सर्ग असतो. म्हणून काही त्रास नसेल, तर तो साधारण चार ते सहा वर्षांच्या वयात, शस्त्रक्रियेचा विचार करताना केला जातो. सूज, ताप, स्राव किंवा चेहऱ्याचा वाकडेपणा दिसल्यास मात्र वयाची वाट पाहायची नसते. एमआरआयच्या एका विशेष पद्धतीने किरणोत्सर्गाशिवाय कोलेस्टिएटोमा ओळखता येतो. ज्यांची नळी अरुंद आहे, त्यांनी काही तक्रार नसतानाही दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून सूक्ष्मदर्शकाखाली कान पाहून घ्यावा आणि स्कॅन केव्हा करायचा ते त्यांच्याशी बोलून ठरवावे.

व्यापारी कुटुंबांनी येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात दोषांसाठी तपासणी होते आणि पुढील उपचारांची व्यवस्था असते. परंतु ही पथके अंगणवाड्यांत आणि शासकीय वा अनुदानित शाळांत जातात. खासगी विनाअनुदानित शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलांपर्यंत ती बहुधा पोहोचत नाहीत. तेव्हा तपासणीची वही आपल्यालाच ठेवावी लागते. श्रवणचाचणी, वाचा-उपचार आणि मार्गदर्शन यांसाठी मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था कार्यरत आहे.

शस्त्रक्रियांचा क्रम

पालकांच्या मनात शस्त्रक्रिया म्हणजे बाहेरचा कान बनवणे. बरगडीची कूर्चा घेऊन कान घडवण्याची पद्धत साधारण सहा ते दहा वर्षांच्या वयात केली जाते, कारण तोवर पुरेशी कूर्चा तयार होते. या पद्धतीत कानामागची अस्पर्शित त्वचा फार मोलाची असते, म्हणून एरवी आधी बाहेरचा कान आणि मग आतली शस्त्रक्रिया, असा क्रम ठेवतात. कोलेस्टिएटोमा किंवा पू असल्यास मात्र हा क्रम बदलतो. आधी आजार निपटायचा, मग ऐकू येण्याची सोय पाहायची, आणि रूपाचा विचार त्यानंतर करायचा. म्हणूनच प्लॅस्टिक सर्जन आणि कर्णशस्त्रवैद्य या दोघांनी आरंभीच एकत्र बसून आराखडा करावा, असा आग्रह पालकांनी धरावा.

नळी नव्याने तयार करण्यासाठी रचना अनुकूल आहे का, हे ठरवायला जार्सडॉर्फर यांनी १९९२ मध्ये दहा गुणांची पद्धत मांडली. मधल्या कानातील रिकीब नावाचे चिमुकले हाड शाबूत असेल, तर त्यालाच दोन गुण मिळतात. गुण कमी असतील, तर केवळ ऐकू येण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, असे सुचवले जाते. पण आत कोलेस्टिएटोमा असेल, तर गुणांचा प्रश्न उरत नाही. मुलाच्या सुरक्षिततेसाठी तो काढावाच लागतो. अशा कानात चेहऱ्याच्या नसेचा मार्ग नेहमीपेक्षा वेगळा असू शकतो. त्यामुळे हे काम या प्रकारच्या कानांचा अनुभव असलेल्या शस्त्रवैद्याकडेच सोपवावे आणि त्याविषयी मोकळेपणाने विचारायला संकोचू नये. शस्त्रक्रियेनंतर आजार पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून तपासणी अनेक वर्षे चालू ठेवावी लागते.

ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेपर्यंत थांबण्याची आवश्यकता नसते. हाडावाटे ध्वनी पोहोचवणारे यंत्र मऊ पट्ट्यावर बसवून काही महिन्यांच्या बाळालाही लावता येते. हाडात बसवायच्या यंत्राचे पहिले रोपण १९७७ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे झाले. ते साधारण पाच वर्षांनंतर करतात. दोन्ही कान बंद असलेल्या बाळासाठी असे यंत्र लवकर लावणे अत्यावश्यक आहे, अन्यथा भाषा शिकण्याची मोलाची वर्षे वाया जातात.

खर्चाविषयी दोन शब्द. अनेक आरोग्यविमा पॉलिसींमध्ये बाहेरून दिसणारा जन्मजात दोष आणि शरीराच्या आतला जन्मजात दोष यांत फरक केलेला असतो, आणि पहिल्याला संरक्षण नाकारलेले असते. कोलेस्टिएटोमा किंवा कर्णमूलातील पू हा आजार आहे, सौंदर्याचा प्रश्न नव्हे. रुग्णालयाच्या कागदपत्रांत आजाराचे नाव व शस्त्रक्रियेचे कारण स्पष्ट लिहिलेले असावे आणि पॉलिसीतील शब्द आधीच वाचून ठेवावेत.

घरात पाळावयाचे नियम

अरुंद कानात तेल, लसूण तळलेले तेल, कांद्याचा रस किंवा बाजारातील थेंब घालू नयेत. आत गेलेले बाहेर येणार नाही आणि ओलाव्यात जंतू वाढतील. कापसाची काडी किंवा पिनेने मळ काढू नये. कानामागील सुजेवर लेप लावून किंवा शेकून वेळ दवडू नये. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत आणि अर्ध्यावर सोडू नयेत. नव्या डॉक्टरांकडे कोणत्याही तापासाठी नेताना ‘याच्या कानाची घडण जन्मतः वेगळी आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे. केसांनी कान झाकला असेल, तर डॉक्टरांसमोर तो उघडा करावा.

मूल निरोगी असताना त्याच्या चेहऱ्याची, हसतानाची आणि डोळे मिटतानाची छायाचित्रे व लहानशी चित्रफीत काढून ठेवावी. अशा काही मुलांचा चेहरा जन्मतःच किंचित असमान असतो. वाकडेपणा जुना की नवा, हा प्रश्न उद्भवला, की ती चित्रे डॉक्टरांना बहुमोल ठरतात.

पुढील लक्षणांपैकी एक जरी दिसले, तरी त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात जावे: कानाच्या मागे, वर किंवा खाली नवी सूज वा लाली; बारीक छिद्रातून दुर्गंधीयुक्त स्राव; चेहऱ्याचा नवा वाकडेपणा; गरगरणे वा तोल जाणे; थंडी वाजून चढ-उतार होणारा ताप; तापासोबत तीव्र डोकेदुखी, उलट्या, मान ताठणे, गुंगी किंवा झटके. यांतील शेवटच्या लक्षणांसाठी सकाळ होण्याचीही वाट पाहू नये.

राहिला प्रश्न लपवण्याचा. आपल्या समाजात सोयरीक जुळवताना घराण्याची लहानमोठी प्रत्येक गोष्ट पारखली जाते, हे खरे. त्या धास्तीने काही घरांत मुलाचा कान टोपीखाली, मुलीचा कान वेणीखाली राहतो आणि तपासणीचे कागद कपाटाच्या तळाशी जातात. परंतु लहान असलेला कान हा आजार नाही, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. योग्य वेळी यंत्र मिळालेले आणि नियमित तपासणी होत असलेले मूल शिकते, दुकानाच्या पेढीवर बसते, संसार करते. त्याच्या वाटेतला धोका दिसणाऱ्या कानात नसून न पाहिलेल्या कानात आहे. तो टाळण्यासाठी वर्षातून एक-दोन वेळा तज्ज्ञाकडे जाणे एवढेच बहुधा पुरेसे असते. या लेखाचे वाचक असलेल्या कोणाच्या घरात, नात्यात किंवा शेजारी असे मूल असेल, तर त्याची शेवटची तपासणी केव्हा झाली होती, हे आजच विचारावे.